हँडल ढिलं झालंय, पण नेमकं कुठे?

मोटरसायकलचं हँडल ढिलं वाटायला लागलं की सगळ्यांना पहिला उपाय एकच सुचतो: पाना आणा आणि दिसेल तो बोल्ट आवळा. कधीकधी तेवढ्याने काम होतंही. पण ‘हँडल ढिलं आहे’ ही तक्रार एक असली तरी तिच्यामागे निदान तीन वेगवेगळे बिघाड असू शकतात. एकावरचा उपाय दुसऱ्यावर केला तर गाडी आधीपेक्षा जास्त धोकादायक होते. म्हणून हा लेख आवळायचं कसं याच्याइतकाच, आवळायचं काय आणि किती, याबद्दल आहे.

विषय निवडायचं कारण साधं आहे. ब्रिटनमध्ये शिकायला किंवा नोकरीला आलेली आपल्यातली बरीच मुलं-मुली एका दिवसाचं सीबीटी प्रशिक्षण घेतात, ‘एल’ची पाटी लावतात आणि जुनी १२५ सीसीची गाडी घेतात. बसचा पास परवडत नाही, कामाच्या पाळ्या रात्री संपतात, ट्रेन बंद झालेली असते. अशी गाडी विकणारा माणूस ‘हँडल जरा हलतंय, एक बोल्ट आवळला की झालं’ असं सहज सांगतो. ते खरं आहे की नाही हे दहा मिनिटांत तपासता येतं. आणि ते तपासायला इंजिनिअर असावं लागत नाही.

मी स्वतः काम करते ते घर्षणावर. दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासतात तेव्हा काय होतं, या शास्त्राला ट्रायबॉलॉजी म्हणतात. हा शब्द १९६६ मध्ये ब्रिटनमधल्याच एका सरकारी अहवालामुळे रूढ झाला. पीटर जोस्ट यांच्या समितीचा तो अहवाल. मोटरसायकलचं हँडल हे या शास्त्राचं छान प्रात्यक्षिक आहे, कारण तिथे एका वीतभर जागेत घर्षणाकडून तीन वेगवेगळ्या अपेक्षा असतात.

तीन सांधे, तीन नियम

तुमच्या हातापासून पुढच्या चाकापर्यंत कसं कसं जोडलेलं असतं ते बघू.

हातात असतो तो वाकवलेला पाइप, म्हणजे हँडलबार. तो मधोमध दोन क्लॅम्पमध्ये, म्हणजे वरून टोपी आणि खालून खोबण अशा पकडीत, आवळून बसवलेला असतो. क्लॅम्पची खालची बाजू एका जाड धातूच्या पट्टीवर असते. ही पट्टी पुढच्या दोन्ही शॉकॲब्सॉर्बरना वरून धरते. तिला इथे योक म्हणतात. तशीच एक पट्टी खालीही असते. दोन्ही योक एका उभ्या दांड्याने जोडलेले असतात आणि हा दांडा गाडीच्या चौकटीच्या नळीत, वर एक आणि खाली एक अशा दोन बेअरिंगवर फिरतो.

या साखळीत तीन सांधे महत्त्वाचे:

१. हँडलबार आणि क्लॅम्प. हा सांधा अजिबात हलता कामा नये.

२. दांड्याची दोन बेअरिंग. इथे दांडा अगदी मोकळा फिरला पाहिजे, पण पुढे-मागे केसभरही हलता कामा नये.

३. क्लॅम्प आणि योक यांच्यामधले रबरी बुश. हे सगळ्या गाड्यांना नसतात. जिथे असतात तिथे थोडं दबणं हेच त्यांचं काम आहे, कारण इंजिनाची थरथर हातापर्यंत पोचू नये म्हणून ते घातलेले असतात.

म्हणजे एकाला घट्टपणा हवा, दुसऱ्याला नेमका बेताचा घट्टपणा हवा आणि तिसऱ्याला लवचीकपणा हवा. तिन्हींना एकाच पान्याने, एकाच जोराने आवळणं हे ताप, सर्दी आणि मोडलेला हात या तिन्हींवर एकच गोळी देण्यासारखं आहे.

आपल्याकडच्या गॅरेजमध्ये दुसऱ्या सांध्याला ‘कोनसेट’ म्हणतात. घरी फोन करून काकांना विचारलंत तर ‘कोनसेट बघ आधी’ असं उत्तर येण्याची बरीच शक्यता आहे, आणि सल्ला म्हणून तो वाईट नाही. इथल्या दुकानात मात्र ‘हेड बेअरिंग’ म्हणून मागा. गंमत म्हणजे इथे धावणाऱ्या कित्येक केटीएम ड्यूक चाकणच्या बजाज कारखान्यात तयार झालेल्या आहेत. गाडी दोन्ही भाषा जाणते, अडचण फक्त आपली होते.

आधी निदान

इंजिन बंद, गाडी सपाट जागी. मधला स्टँड असेल तर त्यावर घ्या आणि कोणाला तरी मागची सीट दाबून धरायला सांगा, म्हणजे पुढचं चाक जमिनीपासून उचललं जाईल. मधला स्टँड नसेल तर पुढचं उचलणारा वर्कशॉपचा स्टँड लागेल. साइड स्टँडवर गाडी तिरकी ठेवून यातल्या काही चाचण्या करणं धोक्याचं आहे, गाडी अंगावर येऊ शकते.

*पहिली चाचणी: पकड.* चाक जमिनीवरच असू द्या. दोन्ही मुठी धरून खाली दाबा, मग वर ओढा. जोर जोरात ब्रेक लावल्यावर अंगाचा भार हातांवर येतो तेवढा लावा. नजर हँडलबार आणि क्लॅम्प यांच्या सांध्यावर ठेवा. पाइप क्लॅम्पमध्ये फिरतोय का? शंका असेल तर पाइपावरून क्लॅम्पवर जाईल अशी पेन्सिलची एक बारीक रेघ मारा आणि पुन्हा दाबा. रेघ तुटली तर बिघाड पहिल्या सांध्यात आहे.

*दुसरी चाचणी: बेअरिंगमधला प्ले.* आता चाक उचला. गाडीसमोर बसून दोन्ही शॉकॲब्सॉर्बरची खालची टोकं धरा आणि पुढे-मागे हलवा. दुसऱ्या कोणाला तरी योक आणि चौकटीची नळी यांच्या सांध्यावर बोट ठेवायला सांगा. डोळ्यांना दिसत नाही असा ‘टक्’ बोटाला लगेच कळतो. तो तिथेच जाणवला तर कोनसेट सैल आहे.

*तिसरी चाचणी: फिरणं.* चाक उचललेलंच असताना हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. कुठे खरखर लागते का? आणि सर्वांत महत्त्वाचं, चाक बरोबर सरळ असताना हँडल खाचेत बसल्यासारखं अडकतं का? अडकत असेल तर बेअरिंग खराब झालेलं आहे, ते आवळून सुधारणार नाही.

*चौथी चाचणी: रबर.* पकड घट्ट आहे, बेअरिंग ठीक आहे, तरी मुठी वर-खाली केल्या की अख्खा क्लॅम्प योकवर डोलतो. मग रबरी बुश बघा. भेगा, तेल लागून फुगलेलं किंवा मऊ पडलेलं रबर दिसेल. दोन्ही बाजूंचा डोल सारखा आणि अगदी थोडा असेल तर तो रचनेचाच भाग असू शकतो.

*पाचवी चाचणी: हँडलचा काही दोष नाही ना?* चाक एका हाताने वरून आणि दुसऱ्याने खालून धरून आडवं हलवा. ‘खट्’ झालं तर चाकाचं बेअरिंग गेलंय. टायरमधली हवा तपासा. कमी हवेच्या टायरवर गाडी अशी लोळते की हँडल सैल असल्याचाच भास होतो. पुढचा ब्रेक धरून गाडी पुढे-मागे हलवण्याची पद्धत बरेच जण सांगतात. ती उपयोगी आहे, पण ब्रेक पॅडचा आवाजही तसाच येतो. त्यामुळे फक्त तिच्यावर विसंबू नका.

आणि एक वेगळा प्रकार: गाडी सरळ जातेय पण हँडल वाकडं दिसतंय. हा ढिलेपणा नाही. गाडी कधीतरी पडलेली आहे आणि योक पिळले गेलेत किंवा काहीतरी वाकलंय. विकत घ्यायला आलेला असाल तर विकणाऱ्याला नीट विचारा.

पहिला सांधा: बोल्ट धरतो म्हणजे काय करतो?

आपल्याला वाटतं, बोल्ट खिळ्यासारखा आडवा येतो आणि वस्तू अडवून धरतो. प्रत्यक्षात नीट आवळलेला बोल्ट ही एक अतिशय ताठ स्प्रिंग असते. आवळताना तो किंचित ताणला जातो आणि परत आखडायचा प्रयत्न करत दोन्ही भाग एकमेकांवर दाबतो. हँडलबार जागेवर राहतो तो या दाबामुळे निर्माण झालेल्या घर्षणाने.

किती दाब? ढोबळ हिशेब करू. क्लॅम्पचे बोल्ट बहुतेक वेळा ८ मिलिमीटर व्यासाचे असतात आणि साधारण २० ते २५ न्यूटन-मीटर एवढे आवळायचे असतात. २२ धरू. कोरड्या आट्यांसाठीच्या नेहमीच्या सूत्राने यातून एका बोल्टमध्ये सुमारे १४,००० न्यूटन ताण निघतो, म्हणजे जवळजवळ १४०० किलो वजनाएवढा. एका करंगळीएवढ्या बोल्टला एक मोटार टांगल्यासारखं झालं. असे चार बोल्ट.

आता विरुद्ध बाजू. जोरात ब्रेक लावताना तुमच्या दोन्ही हातांवर मिळून ४० किलो भार आला आणि मुठी पाइपाच्या मध्यरेषेपासून १५ सेंटिमीटर मागे आहेत असं धरलं, तर हँडल फिरवू पाहणारा जोर सुमारे ६० न्यूटन-मीटर होतो. पाइपाचा व्यास २२ मिलिमीटर आणि घर्षणगुणांक ०.१५ धरला तर चार बोल्टांची पकड साधारण १८० न्यूटन-मीटरपर्यंत टिकते. तिप्पट. बरं वाटतं ऐकायला. पण बोल्टांमधला ताण एक-तृतीयांशावर आला तर ही शिल्लक शून्य होते.

आणि ती शून्य झाल्याचं कधी कळतं? नेमकं ब्रेक लावताना. हँडल पुढे-खाली फिरतं आणि ब्रेकचा लिव्हर बोटांखालून निसटतो. म्हणून ‘जरासं हलतंय’ ही तक्रार किरकोळ मानू नये.

बोल्ट आपोआप सैल का होतो?

लोक म्हणतात, ‘व्हायब्रेशनने.’ बरोबर आहे, पण अर्धंच. गेरहार्ड युंकर या जर्मन इंजिनिअरने १९६९ मध्ये दाखवलं की बोल्टच्या लांबीच्या दिशेने होणाऱ्या हादऱ्यांपेक्षा आडवं घसरणं बोल्टला फार लवकर सैल करतं. त्यांच्या नावाची चाचणी आजही वापरतात.

याचं कारण समजायला बाटलीचं घट्ट बूच आठवा. सरळ ओढलं तर निघत नाही. फिरवत फिरवत ओढलं की निघतं. घर्षण हे एका वेळी एकाच दिशेला पूर्ण विरोध करू शकतं. फिरवण्यात ते खर्ची पडलं की ओढायला थोडाच जोर पुरतो. बोल्टचंही तसंच. जोडलेले भाग आडवे घसरले की आट्यांमधलं घर्षण त्या घसरण्यात गुंततं, आणि मग आट्यांचा उतार बोल्टला थोडा थोडा उलटा फिरवतो.

यातून तीन गोष्टी निघतात. एक, पुरेसा आवळलेला सांधा घसरतच नाही, म्हणून सैलही होत नाही. दोन, एकदा घसरायला लागला की तो आणखी सैल होतो आणि आणखी घसरतो, त्यामुळे ‘पुढच्या महिन्यात बघू’ हे धोरण इथे चालत नाही. तीन, बोल्टखाली चीर असलेला स्प्रिंग वॉशर घालून मनाला समाधान मिळतं, पण युंकरच्या चाचणीत त्याचा फारसा उपयोग होत नाही.

क्लॅम्प नीट कसा आवळायचा

पेट्रोलच्या टाकीवर जुना टॉवेल टाका. पाना निसटून टाकीवर पडतोच.

टोप्या काढा. पाइप आणि क्लॅम्पच्या आतली बाजू स्वच्छ, कोरड्या फडक्याने पुसा. इथे तेल किंवा ग्रीस लावायचं नाही, कारण ज्या घर्षणावर सगळा भार आहे तेच आपण घालवून बसू. पाइपाच्या मध्यावर जो खरबरीत भाग असतो तो गुळगुळीत झालाय का, क्लॅम्पला तडा आहे का, ते बघा. तसं असेल तर भाग बदला. पत्र्याच्या डब्याची पट्टी कापून मध्ये घालायचा जुगाड मनात येईल. करू नका. मऊ पत्रा हळूहळू दबतो आणि त्याबरोबर बोल्टचा ताण उतरतो. हँडल बदलायची वेळ आली तर व्यास मोजून घ्या. नेहमीचा २२ मिलिमीटर असतो, पण मध्यभागी जाड असणारे २८.६ मिलिमीटरचेही मिळतात.

पाइपावर बहुतेक वेळा एक बारीक ठिपका असतो. तो क्लॅम्पच्या फटीशी जुळवायचा, म्हणजे हँडलचा कोन कारखान्यातल्यासारखा राहतो. टोपीवर बाण किंवा ठिपका असेल तर तो कुठल्या बाजूला हवा हे मॅन्युअलमध्ये बघा. हे महत्त्वाचं आहे. पुष्कळ गाड्यांमध्ये आधी पुढचे बोल्ट पूर्ण आवळायचे असतात, मग मागचे, आणि मागे थोडी फट राहणं अपेक्षित असतं. काही गाड्यांमध्ये पुढची आणि मागची फट सारखी ठेवायची असते. ‘फट दिसतेय म्हणून आणखी आवळूया’ असं करताना टोप्या तुटतात.

चारही बोल्ट आधी हाताने बसवा. मग टॉर्क पान्याने, दोन-तीन टप्प्यांत, मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्यापर्यंत. टॉर्क पाना महाग वाटेल, पण तो दोन-तीन मित्रांत मिळून घेता येतो. त्याची गरज का, तेही सांगते. बोल्ट आवळताना आपण लावलेल्या जोरापैकी ढोबळमानाने निम्मा भाग बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, चाळीस टक्के आट्यांत, आणि जेमतेम दहा टक्के बोल्ट ताणण्यात. म्हणजे आट्यांत थोडं तेल गेलं तरी तोच आकडा दाखवणारा पाना बोल्टला कितीतरी जास्त ताणतो. म्हणून मॅन्युअल ‘कोरडं’ म्हणत असेल तर कोरडं आणि ‘तेल लावून’ म्हणत असेल तर तसं. आटे चिकटवणारा थ्रेडलॉकचा थेंबही कंपनीने सांगितला असेल तरच, आणि मध्यम ताकदीचा.

बोल्ट नुसता फिरत राहिला आणि घट्ट होतच नाही, तर आटे गेलेत. ॲल्युमिनियममधले आटे जाणं नवल नाही. हिवाळ्यात इथे रस्त्यांवर मीठ टाकतात, ते पोलादी बोल्ट आणि ॲल्युमिनियम यांच्या सांध्यात शिरून गंज धरतं आणि बोल्ट काढताना आटे सोबत येतात. अशा वेळी भोक मोठं करून आत नव्या आट्यांची गुंडाळी, म्हणजे हेलिकॉइल, बसवतात. हे काम वर्कशॉपमध्ये करून घ्या.

दुसरा सांधा: न फिरल्यामुळे झिजणारं बेअरिंग

चाकाचं बेअरिंग सतत फिरत असतं. कोनसेटचं नशीब वेगळं. सरळ रस्त्यावर तासन् तास ते जेमतेम एखादा अंश इकडे-तिकडे होतं. छर्रे त्याच जागी बसून राहतात आणि खालून चाकाचे हादरे येत राहतात. पूर्ण फिरणं नसल्यामुळे छर्ऱ्याखालचं ग्रीस बाजूला ढकललं जातं आणि परत आत येत नाही. धातूवर धातू घासतो आणि बरोबर ‘सरळ’ स्थितीत बारीक खाचा पडतात.

खड्ड्यात जोरात आपटून खड्डा पडतो त्याला स्वीडिश इंजिनिअर ब्रिनेल यांच्या नावावरून ब्रिनेलिंग म्हणतात. सूक्ष्म थरथरीने पडणाऱ्या खाचा दिसायला तशाच, म्हणून त्याला ‘खोटं ब्रिनेलिंग’. १९३० च्या दशकात अमेरिकेत रेल्वेने पाठवलेल्या नव्याकोऱ्या मोटारींच्या चाकांत, एक मैलही न चालता, अशा खाचा सापडायच्या. डब्यात उभ्या उभ्या हादरून. तिसऱ्या चाचणीत हँडल मध्यभागी अडकतं ते यामुळे. आणि पंपाच्या जोरदार फवाऱ्याने गाडी धुताना पाणी थेट या नळीवर मारलं तर उरलंसुरलं ग्रीसही जातं.

आता प्रश्न घट्टपणाचा. सैल कोनसेटमुळे खडखड होते, ब्रेक लावताना पुढचा भाग टकटकतो आणि काही वेगांना हँडल सेकंदाला सहा ते दहा वेळा थरथरायला लागण्याचा धोका वाढतो. याला वॉबल म्हणतात. ब्रिटिश संशोधक रॉबिन शार्प यांनी १९७१ मध्ये मोटरसायकलच्या हालचालींचं जे गणित मांडलं त्यात ही थरथर स्वतंत्रपणे दिसते. (चालवताना ती सुरू झालीच तर मुठी गच्च धरून झगडू नका. पकड हलकी ठेवा आणि थ्रॉटल हळूहळू कमी करा.)

मग गच्च आवळलं तर? तेही वाईट. दुचाकी उभी राहते ती सतत होणाऱ्या अगदी छोट्या वळणांमुळे. गाडी डावीकडे कलली की पुढचं चाक आपसूक थोडं डावीकडे वळतं आणि गाडीला परत सावरतं. हे मिनिटाला कितीतरी वेळा होतं, आपल्याला कळतही नाही. कोनसेट घट्ट असेल तर चाक वळायला उशीर करतं, गाडी जास्त कलते, मग आपण जास्त ढकलतो, मग ती दुसरीकडे कलते. हळू वेगात, ट्रॅफिकमध्ये, गाडी दारू प्यायल्यासारखी नागमोडी जाते. नवा चालवणारा समजतो आपल्यालाच जमत नाही. पुष्कळदा दोष कोनसेटचा असतो.

म्हणून इथे मंत्र ‘घट्ट’ हा नसून ‘प्ले संपेपर्यंत आणि त्यापुढे अगदी थोडं’ हा आहे. वरच्या योकच्या मध्यावर मोठा नट असतो, त्याच्याखाली खाचा असलेली गोल रिंग. आधी मोठा नट सैल करा आणि वरच्या योकमध्ये शॉकॲब्सॉर्बर धरणारे बाजूचे बोल्टही, नाहीतर योक जागेवरून हलणार नाही. मग हुकासारख्या पान्याने रिंग एका वेळी फेऱ्याचा आठवा भाग फिरवा. प्रत्येक वेळी दुसरी चाचणी करा. प्ले गेला की थांबा. आता मोठा नट मॅन्युअलप्रमाणे आवळा आणि पुन्हा तपासा, कारण तो आवळताना बेअरिंगवरचा दाब वाढतो. शेवटी बाजूचे बोल्ट आवळा. हे विसरणं म्हणजे ढिलेपणा दुरुस्त करताना नवा ढिलेपणा सोडून जाणं.

परीक्षा अशी: चाक हवेत, हँडल मध्यावर, एका बोटाने हलकासा धक्का. चाकाने स्वतःच्या वजनाने सावकाश एका बाजूला जावं, दोन्हीकडे सारखं. केबल ओढून धरत नाहीत ना ते बघूनच ही परीक्षा करा.

मध्ये खाच लागत असेल तर रिंग फिरवून उपयोग नाही. प्ले जाईल इतकी आवळली की खाचेत अडकणं वाढेल, अडकणं जाईल इतकी सोडली की प्ले येईल. बेअरिंग बदलणं हाच उपाय. चौकटीत ठोकून बसवलेल्या वाट्या काढाव्या लागतात, त्यामुळे पहिल्यांदा हे काम जाणकारासोबतच करा. नवं घालताना ग्रीस भरपूर.

तिसरा सांधा: रबर

याबद्दल थोडक्यात. जुनं रबर आवळून तरुण होत नाही. योकच्या खालून येणारा नट जास्त आवळला तर रबर चेपतं, काही दिवस घट्ट वाटतं आणि मग फाटतं. बुशची जोडी स्वस्त असते. दोन्ही बाजूंचे एकदमच बदला.

निघण्याआधी

काहीही केलेलं असो, रस्त्यावर जायच्या आधी एवढं बघा. हँडल दोन्ही टोकांना नेल्यावर ब्रेकची नळी, क्लचची तार, वायरी ताणल्या जात नाहीत ना. इंजिन न्यूट्रलमध्ये सुरू ठेवून हँडल पूर्ण फिरवा. आवाज वाढला तर थ्रॉटलची तार ओढली जातेय, वळणावर गाडी आपोआप पळेल. लिव्हर हाताला नीट येतात ना. मग रिकाम्या जागेत हळू वेगाने दोन-चारदा ब्रेक लावून बघा. पेन्सिलची रेघ पुन्हा मारा आणि पहिल्या काही फेऱ्यांनंतर तिच्याकडे नजर टाका.

ब्रिटनमध्ये तीन वर्षांवरच्या गाडीला दर वर्षी एमओटी तपासणी लागते. तीत हँडलची पकड, कोनसेटमधला प्ले आणि घट्टपणा हे सगळं बघतात. त्यामुळे गाडी घेताना एमओटीचा जुना इतिहास सरकारी संकेतस्थळावर नंबर टाकून जरूर वाचा. दोन वर्षं लागोपाठ स्टीअरिंगबद्दल सूचना लिहिलेली असेल तर ‘एक बोल्ट आवळला की झालं’ या वाक्याची किंमत तुम्हाला तिथेच कळेल. पण एमओटी ही त्या एका दिवसाची तपासणी असते. पुढच्या ३६४ दिवसांची जबाबदारी पेन्सिलवाल्याची.

क्लॅम्प बहुतेकांना घरी जमेल. कोनसेटचा प्ले काढणं मॅन्युअल आणि योग्य पाना असेल तर जमेल. तडा, गेलेले आटे, मध्यभागी खाच किंवा वाकडे योक दिसले तर गाडी जागेवर ठेवा, गॅरेजमध्ये चालवत नेऊ नका. आणि गॅरेजवाल्याला फोन करताना ‘हँडल ढिलं आहे’ एवढंच सांगू नका. कुठल्या चाचणीत, कुठल्या सांध्यात, काय जाणवलं ते सांगा. बिलाचा आकडाही त्याने बदलतो.